ओव्हनची वेगळी लाइन

बाबा माझ्यावर शेवटचे ओरडले ते ओव्हन घरी आला त्या दुपारी. मी त्याची पिन मिक्सरच्या सॉकेटमध्ये खुपसायला निघाले होते.

"घर जाळायचंय का? याला थेट बोर्डापासून वेगळी लाइन लागते. जाड वायर, स्वतःचा खटका, नीट अर्थिंग. वाढीव लोडची मंजुरी. आणि काम लायसन्सवाल्या वायरमनकडून."

"बाबा, मला केक करायचाय. कारखाना नाही काढायचा."

"आग विचारून लागत नाही."

बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्तीनंतर कारखाना उरला नाही, म्हणून आम्ही होतो. त्यांनी दारामागच्या बोर्डवरचा स्वयंपाकघराचा खटका खाली केला, सॉकेट उघडून आतल्या वायरींना नाक मुरडलं आणि उरलेलं उद्या बघू म्हणाले. सकाळी ते उठलेच नाहीत.

नंतर त्या खटक्याला कुणी हात लावला नाही. फ्रिज हॉलमध्ये आला, आई खिडकीतल्या उजेडात स्वयंपाक करू लागली. फोनवर कुणी बाबांची चौकशी केली, तर मी "घरात नाहीत" एवढंच सांगे. मग आई माझ्या हातातून फोन घेई आणि पुढचं सांगे.

मंजुरी आल्यावर वायरमन बोलावला. तोंड अखंड चालू, पण काम चोख. त्यानं भिंत सरळ रेषेत खोदली, पाइपातून जाड वायर ओढली, अर्थिंग मोजलं. मग स्वयंपाकघराचा खटका वर केला.

खटका खाली आला.

"लाइनीत दोष आहे का?" मी विचारलं.

"दोष असता तर फाडकन पडला असता, ताई. हा सावकाश आला."

खरंच. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं, तसा.

त्यानं खटका बदलला. नवाकोराही खाली आला. मग मेन बंद करून त्यानं वायरी सोडवल्या आणि नुसता खटका वर केला. आम्ही तिघं बघत राहिलो.

तोही खाली आला. सावकाश.

"काकू, जरा पाणी द्या," वायरमन म्हणाला आणि स्टुलावर बसला. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "आधी बंद कुणी केला होता?"

"ह्यांनी," आई म्हणाली.

"मग काकांनाच करू द्या चालू. आमच्यात नियम आहे, ज्यानं बंद केलं त्यानंच चालू करायचं. कुठं असतात काका?"

"घरात नाहीत," मी म्हणाले.

"घरातच आहेत," आई म्हणाली. "तू त्यांना सांगितलंस कुठं?"

वायरमननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. पेला खाली ठेवून तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. हत्यारं आतच राहिली.

मी बोर्डासमोर गेले. खटक्यावर बोट ठेवलं.

तो कोमट होता.

वर ढकलला. वरून दाब आला. हलका, ओळखीचा. लहानपणी रस्ता ओलांडताना मनगटावर असायचा तेवढाच.

"बाबा," मी म्हणाले, "लाइन वेगळी घेतलीय. अर्थिंग आहे. मंजुरीही आहे."

दाब तसाच राहिला. पुढचं ऐकायला थांबल्यासारखा.

"बाबा, तुम्ही गेलात."