चाळणीची प्रभावळ

डॉक्टरांनी फोटोग्राफरच्या बायकोला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. अडीच वर्षांपूर्वी पहिली मुलगी जन्मली ती रडलीच नाही. या खेपेला सातवा लागला आणि बायकोचं हसू आटलं. तिला हसवायला त्याने खेळ मांडला, घरातल्या एकेकाला देव करायचा. वडील चादरीचे पंख लावून दाढी करताना. आई भांडी घासताना, डोक्यामागे पिठाची चाळणी, तिच्यामागे दिवा, की झाली प्रभावळ. आई म्हणाली, "देव झाले तरी भांडी मलाच ना?"

बायकोच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तेवढ्यावर त्याला हुरूप आला. उशीला टेकून ती टोपडं विणत होती. ती नको नको म्हणत असताना त्याने घाईघाईने चाळणी मागे लावली आणि फोटो काढला.

दुपारी तो न्हाणीघरात शिरला. त्याची डार्करूम तीच. फटींना काळं कापड, लाल दिवा, औषधाचा आंबूस वास, नळाची टपटप. तबकातल्या कागदावर बायको हळूहळू उमटली, मग चाळणी. चाळणी ज्या तारेने टांगायची, ती तार नंतर फोटोवरून ब्रशने पुसावी लागे, म्हणून तो आधी तार शोधू लागला. दिसेना. त्याने खिसा चाचपला. तारेचं वेटोळं खिशातच होतं. बांधायचीच राहिली होती.

मग चाळणी कशाच्या आधाराने...

कागद आणखी गडद झाला. चाळणीच्या कडेवर चार बोटं उमटली. इवलीशी.

फोटो तो फाडणारच होता, पण पलंगावरून हाक आली, "दाखवा की."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. आता ही खचणार, असं वाटून त्याने हात पुढे केला. तिने फोटो सोडला नाही.

"एवढीच झाली असती ना ती..." मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "घाबरू नकोस हं. ताईने धरलंय." आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी.

धाकटी जन्मली ती घर डोक्यावर घेत.

ती वर्षाची झाल्यावर त्याने तिचा तसाच फोटो काढला. या वेळी तार दोनदा ओढून पाहिली होती. फोटोत धाकटी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून, हात वर करून मागे कुणाला तरी हसत होती. चाळणीच्या कडेवरची बोटं आता जरा लांब झाली होती. पण तीनच.

चौथं धाकटीच्या मुठीत होतं.