मागच्या टोकाची खोली

फुलेवाडीचा नाका सोडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला उसाच्या फडांना लागून प्लॉट पडलेत. त्यातला सगळ्यात वाकडा हंबीररावांनी घेतला. रस्ता तिरका कापत गेल्यामुळं तो पुढं ऐसपैस होता आणि मागं निमुळता होत होत दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात शिरायचा. असली जागा कोणी घेत नाही, म्हणून स्वस्तात मिळाली. बांधू बांधू म्हणता हंबीरराव गेले आणि घराचा नकाशा काढायचं काम त्यांच्या मुलीकडं, संयोगिताकडं आलं. ती आर्किटेक्ट होती. वाकड्या जागांचा ती कधी बाऊ करायची नाही. तिचं डोकं फिरायचं ते माणसांवरून.

तिची आई चिमणाबाई मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या दारात अंथरूण टाकायची. येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. आतून कडी लावता येईल असं दार तिला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. म्हणून संयोगितानं कागदावर पहिल्यांदा आईची खोली काढली. मागच्या टोकाला, दहा बाय बाराची, उसाकडं खिडकी. बाकीचं घर तिनं त्या खोलीच्या बेतानं बसवलं.

नकाशा बघून धाकटा भाऊ राजवीर उखडला. त्याचं टायरचं दुकान होतं, घराचा पैसा तोच घालणार होता, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

"पोर्च येवढाच? गाडी काय डोस्क्यावर लावू? आईची खोली अर्धी कर."

"गाडीला छप्पर पाहिजे आणि आईला नको, व्हय रे?"

आवाज चढले. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. लसूण सोलत बसलेली चिमणाबाई खालमानेनंच म्हणाली, "भांडू नका बाबांनो. माझी खोली बारकी केली तरी चालतंय की. मी काय, कोपऱ्यात पडून ऱ्हातो."

"तू गप्प बस आई," संयोगिता तिच्यावरच खेकसली. नकाशातली रेघसुद्धा तिनं बदलली नाही.

दिवाळीनंतर केरबा गवंड्याला घेऊन ती जागेवर गेली. चुन्याची फक्की टाकून नकाशा जमिनीवर उतरवायचा होता. पोर्च बसला, हॉल बसला, स्वयंपाकघर, राजवीरची खोली, सगळं इंचाइंचानं जुळलं. मागं गेल्यावर केरबा थांबला.

"ताई, ही खोली बसंना की. कुंपण आडवं येतंय."

संयोगिता चिडली. जागा तिनं स्वतः मोजली होती. तिनं गाडीतून दुसरा टेप आणला, केरबाच्या हातातलं टोक काढून घेतलं आणि परत मोजलं. जागा कमीच भरली. तिनं कुंपण न्याहाळलं. पावसाळ्यातलं शेवाळ दगडांवर वाळून काळं पडलं होतं, फटींत घाणेरीची मुळं घट्ट रुतली होती. कुणी दगड हलवलेला दिसत नव्हता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या, पण त्या टोकाला उभं राहिलं की गाणं ऐकू येत नव्हतं. दोन पावलं पुढं आलं की परत यायचं.

तिनं तिथूनच राजवीरला फोन लावला. "कुंपण आत घ्यायला पलीकडच्या उसाच्या शेतकऱ्याला तू सांगितलंस?"

"याड लागलंय काय तुला? माझीच जागा मी कशाला घालवू?"

हे मात्र खरं होतं, आणि त्यानं ती जास्तच भडकली. त्या रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं की खोलीची जागा पोर्चमधून काढणार. राजवीरनं ताट सारलं. पोर्चला हात लावायचा नाही, उलट जिनाही बाहेरून पाहिजे, म्हणाला. दोघं एकमेकांचं बालपणापासूनचं काढत बसले.

"एक कॉट मावली की झालं बघ मला," चिमणाबाई मधेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टोकाशी सहा बाय तीन जागा उरली होती. कॉटचं माप. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. कुंपणापलीकडचा ऊस वाऱ्यानं हलत होता, त्याची सळसळ येत नव्हती. केरबानं टेप खाली ठेवला.

"कालच्यापक्षा आज कमी हाय, ताई. मी न्हाय आता आत जायचा." तो पुढं जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसून राहिला.

संयोगितानं टेप उचलून गुंडाळला. मग संताप आला, आणि तो या वेळी आईचा. जन्मभर हेच केलं हिनं. कुणी मागायच्या आधी सोडून द्यायचं. ती तडक घरी गेली.

"आई, त्या खोलीबद्दल परत 'चालतंय' म्हणायचं नाही. कळलं?"

"अगं, बोलल्यानं काय हुतंय?"

"मला मोठी खोली पाहिजे, असं म्हण. म्हण माझ्यासमोर."

चिमणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला," ती म्हणाली. ओठ हलले, पुढचं काही निघालं नाही. मग ती ओशाळून हसली. "न्हाई येत बाई मला तसं बोलाय."

संयोगितानं तिच्या दंडाला धरून तिला हलवलं. तरीही ती हसतच राहिली.

पाया काढायच्या दिवशी सकाळी सगळे जागेवर आले. जेसीबी रस्त्याकडेला घरघरत उभा होता. चिमणाबाई नारळ घेऊन थेट मागं गेली आणि आपल्या खोलीच्या पांढऱ्या रेषांमध्ये उभी राहिली. खिडकी कुठं येणार तिकडं तोंड करून ती उसाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर संयोगितानं कधी न पाहिलेलं समाधान होतं.

राजवीर तोंड वाकडं करून मागचं टोक बघत होता. "ह्येला खोली म्हणायचं? काढूनच टाक ती. आई झोपंल की हॉलात."

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या पाठीवरून किती जणांनी पाय टाकले, बापानं काय केलं, भावानं काय केलं, सगळं ती भर रस्त्यात ओरडून बोलली. तोही ओरडला. तिनं त्याची कॉलर धरली. जेसीबीवाला खाली उतरला.

मागून हळूच आवाज आला.

"भांडू नका रं. मला जागा न्हाई दिली तरी..."

संयोगिता गर्रकन वळली. "आई, नको."

"चालतंय की."

जेसीबीची घरघर ऐकू येईनाशी झाली.

कुंपणाच्या दोन्ही भिंती मागं एकमेकींना मिळाल्या होत्या. चुन्याच्या दोन रेषांची एकच रेष झाली होती. ती सरळ दगडापर्यंत गेली होती, कुठं विस्कटलेली नव्हती. नारळ अलीकडं पडला होता.

"आई कुठाय?" राजवीर म्हणाला. त्याची कॉलर अजून तिच्या मुठीत होती.

ती सोडून संयोगिता मागं धावली आणि कुंपणापाशी गुडघ्यांवर बसली. दगडांच्या सांध्यात बोटं घातली. नख जाईल एवढीही फट नव्हती.

"आई."

"हाय की हितंच." आवाज अगदी जवळून आला. नेहमीसारखाच, ओशाळलेला. "मावलो मी."

राजवीरनं मागनं येऊन दगडाला कान लावला.

"उनात थांबू नका," आवाज म्हणाला. "जावा, तुमी दोघं जेवून घ्या. मी मागनं जेवतो."