भुयारातली हाक

टोपी विणायची ताडाची पाती उन्हात तुटते. म्हणून आमच्या गावच्या बायका भुयारात बसून विणतात. तिथल्या ओलीने पाती मऊ राहते. आमच्या घरामागचं भुयार मात्र एदुविहेस मावशी गेल्यापासून रिकामंच होतं. गावची जुनी बोली येणारी ती शेवटची. आमच्या आयांनी त्या बोलीपायी शाळेत छड्या खाल्ल्या, म्हणून त्यांनी आम्हाला स्पॅनिशच शिकवलं. त्यांना तरी काय बोल लावायचा!

माझा सहा वर्षांचा नासारियो खेळता खेळता त्या भुयारात पडला. खरचटलंसुद्धा नाही, पण घरी आल्यापासून तो जेवेना, बोलेना, नुसता छताकडे बघत पडून राही. तालुक्याच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. आठव्या दिवशी शेजारच्या ओतिलियाने त्याची नाडी धरली.

"फिदेन्सिया, घाबरून पोराचा जीव खालीच राहिलाय. त्याचा सदरा घे आणि हाक मारून आण."

"मला कुठे येते ती जुन्या बोलीतली हाक?"

"स्पॅनिश जमिनीला कळत नाही गं," ती हळूच म्हणाली. "जे येतं ते बोल."

भर दुपारी मी शिडीने उतरले. खाली गार काळोख होता आणि ओल्या पातीचा वास... मावशी गेल्यापासून सहा महिन्यांत तिथे पातीचा एक तुकडा आला नव्हता. मी सदरा जमिनीवर तीनदा आपटला आणि स्पॅनिशमध्ये हाका मारल्या. काही नाही. मग मावशी मला लहानपणी जे बोलायची तेवढंच आठवलं. ऊठ. गिळ. गप बैस, कार्टे. सगळं ओरडणंच! तेच मी त्या बोलीत रडत रडत म्हटलं.

काळोखात कोणीतरी हसलं.

मग दुसरं कोणी. मग पाती सळसळायला लागली, पुष्कळ हातांत. बायका बोलत होत्या, म्हाताऱ्या, तरण्या, एकमेकींचं तोडत, बाजाराच्या दिवशी बोलतात तशा. मला पळावंसं मात्र वाटेना. ती बोली मी चार शिव्यांएवढीच समजत होते, आणि ती तर अख्ख्या गावाहून मोठी होती. मी गुडघे टेकले. मग सगळ्या गप्प झाल्या आणि एकीनेच लांबलचक हाक मारली. माझ्या हातातला सदरा ऊबदार झाला.

घरी येऊन मी तो नासारियोच्या छातीवर पसरला. त्याने डोळे उघडले, उठून बसला आणि घेवड्याबरोबर तीन पोळ्या खाल्ल्या. ओतिलिया रडायला लागली. मग तो बोलला, भरभर, त्या बोलीत.

तेव्हापासून तो तीच बोली बोलतो. खेळतो, हसतो, माझ्या गळ्यात पडतो. रोज संध्याकाळी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी विचारतो, तेच तेच, आणि उत्तराची वाट बघतो. मी "हो रे बाळा" म्हणते. तो नाही अशी मान हलवतो आणि पुन्हा विचारतो.

परवा ओतिलियाने दारातूनच विचारलं, "खालच्या बायकांनी हाक नासारियोलाच मारली होती ना गं?"

मी हो म्हटलं. त्या हाकेत मला त्याचं नाव ऐकू आलं नव्हतं.