नानांना उठवायचं राहिलं

ललित, सिरियलमध्ये काम मिळालं म्हणून पेढे आणलेस, चांगलं केलंस. पण मरायचा सीन आहे म्हणतोस, तर तिथं तुला उठवायला कोण आहे? हसू नकोस. तो मोबाईल खाली ठेव आणि बाकीच्यांनीही जरा गप बसा. हे माझ्या ओळखीतल्या समाधानच्या बाबतीत घडलंय. आपला एरंडोलचाच तो, मेकअपवाला.

नवलनानांना तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, नाव ठाऊक नसेल. आधी वीस वर्षं नाटकं केली. राजा झाले, भिकारी झाले. मग सिनेमात गेले, तर पहिल्याच पिक्चरमध्ये त्यांना मारलं. आणि असे काही मेले की पुढं जो तो त्यांना मरायलाच बोलवायला लागला! कधी सरपंच, कधी मास्तर. टीव्हीवर नायिकेचे वडील, महिन्याभरात भिंतीवर हार घातलेला फोटो. स्वतःच म्हणायचे, "जन्मभर मरणावरच जगलो रे भो."

पण त्यांची एक रीत होती. त्या लाइनीत बरेच जण असं काही ना काही पाळतात. मेल्याचा सीन झाला की नाना आपण होऊन उठायचे नाहीत. दिग्दर्शक कट म्हणो, लोक पांगोत, हे डोळे मिटून पडलेले. समाधाननं शेजारी बसायचं, खऱ्या नावानं हाक मारायची, "नवलनाना, उठा," आणि तोंडात पेढा द्यायचा. मग उठणार. सोळा वर्षं हे काम समाधानचं, दुसऱ्या कुणाचं नाही.

गेल्या नोव्हेंबरात पारोळ्याच्या अलीकडं एका खेड्यात शूटिंग होतं, भिकुबाई म्हणून एका म्हातारीच्या घरात. मधल्या खोलीत नाना मयत होऊन पडले. तेवढ्यात समाधानला मुंबईहून फोन आला, दुसऱ्या युनिटात कायमचं काम होतं. खाली आवाज तुटत होता, नीट रेंज फक्त गच्चीवर. नानांना न सांगता तिकडं चिकटायचा विचार होता बेट्याचा, म्हणून गेला वर. बोलत बसला. खाली आला तर पोरांनी सतरंजी गुंडाळायच्या घाईत नानांना बखोटीला धरून उभं केलं होतं. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "राहिलं रे."

तिसऱ्या दिवशी नाना जळगावला दवाखान्यात. आजार काय, ते डॉक्टरांना सापडेना. अंगातलं बळ चाललेलं, नाकातून नळी, तोंडानं पाण्याचा थेंब नाही.

तारीख सांगतो. चोवीस नोव्हेंबर, सोमवार. रात्री नऊच्या सुमाराला नानांनी समाधानचा हात धरला. "मी अजून तिथंच पडलोय रे. जाऊन उठव मला."

नानांची बायको, बेबाबाई, पदर तोंडाला लावून उभी होती. ती म्हणाली, "जा रे भाऊ. वेडेपणा वाटला तरी जा. एवढं माझ्यासाठी कर."

समाधाननं गाडीला किक मारली. चूक आपली आहे, आपणच निस्तरायची, हे त्याला पक्कं माहीत होतं. एरंडोलला दुकान बंद होता होता पाव किलो पेढे घेतले. हायवे सोडून आत वळला तेव्हा साडेअकरा वाजले होते. भिकुबाई त्रासलेलं तोंड करून उठली. "इतली रातले काय काम शे रे भाऊ? त्या खोलीत आते बठ्ठा कापूस भरेल शे." म्हणजे आता तिथं सगळा कापूस भरला होता.

पण चावी दिली.

कापसाला आग लागायला नको म्हणून खोलीतला बल्बही काढलेला. समाधाननं मोबाईलची बॅटरी लावली. कमरेएवढा कापूस, पांढरा शुभ्र. आणि मधोमध, नाना पडले होते त्याच जागी, खळगा.

माणसाएवढा लांब. डोक्याचा वेगळा. टाचांचे वेगळे.

पोरं खेळली असतील, तो मनाशी म्हणाला. गुडघ्यावर बसला. पेढा काढला. तोंड असेल तिथं ठेवला. आता फक्त हाक मारायची.

तोंड उघडलं त्यानं...

कापूस हलला. छातीच्या जागी. वर आला... खाली गेला.

"समाधान..." नानांचाच आवाज. अगदी हळू. "आते उठू का रे?"

एकच शब्द बोलायचा होता त्याला. 'उठा.' सोळा वर्षं बोललेला शब्द. तो तसाच मागं सरकला. हातातला मोबाईल पडला. अंधार.

"उठू का?"

...

वाट बघत होतं कुणीतरी. समाधानला ते कळत होतं. तरी...

तो पळाला. मोबाईल चाचपून उचलला आणि पळाला. दार उघडं, चावी दाराला. हायवेला लागेपर्यंत मागं पाहिलं नाही. तिथं फोन वाजला. बेबाबाई.

"गेले रे." रडतही नव्हती. "बारा वाजून दहा मिनिटांनी. दाराकडं बघत होते. उठू का, उठू का, सारखं विचारत होते. मी म्हटलं, उठा ना हो. पण त्यांना माझं ऐकूच येत नव्हतं."

समाधान लहान पोरासारखा रडला रस्त्यावर. तिनं विचारलं, "तू हाक मारलीस ना?" तो 'हो' म्हणाला. तिच्याशी खोटं बोलला. आजही त्याच गोष्टीनं त्याला झोप लागत नाही, भुतानं नाही.

पहाटे नर्सनं नानांची नळी काढली. शेवटचा चेहरा समाधाननंच नीट करायचा, असं बेबाबाईंनी सांगितलं. त्यानं केस विंचरले, भुवया सारख्या केल्या. मग पाणी घालायला ओठ उघडले.

सहा दिवस ज्या तोंडात पाणी गेलं नव्हतं, त्यात जिभेवर पेढ्याचा अर्धा घास होता. आणि त्याला कापसाची एक सरकी चिकटलेली होती.