कड्यावरची पाण्याची गाडी

आमच्या गावात पाहुण्यांना दाखवण्यासारखं दोनच. समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का, आणि कड्यावरून किनाऱ्यापर्यंत उतरणारी पाण्याची गाडी. एका दोराला दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी सोडायचं. तो जड झाला की खाली जातो आणि खालचा वर येतो. ब्रेक माझ्या हातात असतो. पूर्वी तो माझ्या भावाच्या, आर्नल्डच्या हातात होता.

सव्वीस वर्षांपूर्वी एक डबा सुटला आणि चार माणसं गेली. ब्रेकचे ठोकळे झिजल्याचं आर्नल्डनं तीनदा लिहून दिलं होतं. ते कागद गायब झाले. व्यवस्थापक क्लिफर्ड स्टॅनिफोर्थनं चौकशीत शपथेवर सांगितलं, ब्रेकवाला प्यायलेला होता. आर्नल्ड दारूला शिवतही नसे. त्या हिवाळ्यात तो धक्क्यावरून चालत गेला, तो परत आला नाही.

यंदा एप्रिलमध्ये डाव्या रुळावरचा डबा रिकामा असूनही वर येईना. वरच्या डब्यात भरपूर पाणी सोडलं तेव्हा कुठे हलला. मिस्त्र्यानं चाकं, दोर, टाकी सगळं उलगडून पाहिलं.

"बिघाड काही नाही, नोरीन. टाकीतल्या पाण्याचा काटा तूच चुकीचा वाचतेयस."

मी चुकत नव्हते. रोज जादा पाण्याचा काटा एकाच जागी थांबे. पाच माणसांचं वजन.

खालचं फाटक सांभाळणारी डोरीन म्हणाली, "आत कुणी नसतं गं. पण दार लावताना हल्ली माझ्या तोंडून निघतं, 'सांभाळून बसा.' का निघतं, देव जाणे."

जूनमध्ये वारसा पाटीचं अनावरण झालं. स्टॅनिफोर्थ आता वारसा मंडळाचा अध्यक्ष. भाषण झालं, फोटो झाले. मग तो माझ्या खिडकीशी आला.

"ब्रेक नीट धर हं, नोरीन. तुमच्या घराण्याचा काय भरवसा!"

लोक हसले. डावा डबा वर उभा होता.

"एकटेच बसणार?" मी विचारलं.

"अध्यक्ष आहे मी. गर्दी कशाला?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी दार लावलं.

नळाला हात लावण्याआधीच डबा निघाला. टाकी कोरडी होती.

अर्ध्या वाटेवर मला तो दिसला. बारा जणांच्या डब्यात तो कोपऱ्यात चेंगरला होता. गाल काचेवर चपटा झालेला. तोंड हलत होतं.

ब्रेक माझ्या हातात होता. ठोकळे नवे होते.

मी दाबला नाही.

डबा अलगद खाली टेकला. त्याच्या चार बरगड्या मोडल्या होत्या. "एकटाच होता हो," डोरीन पोलिसांना सांगत राहिली. "एकटाच."

त्या दिवसापासून गाडी हलकी चालते.

ऑक्टोबरमध्ये मी वृद्धाश्रमात त्याला पाहायला गेले. दया येऊन नव्हे. दिवाणखान्यात दुपारचं ऊन होतं. तिघांच्या सोफ्यावर तो कडेला, अंग चोरून बसला होता.

"सरकतोय ना," तो पुटपुटत होता. "आणखी कुठे सरकू?" मग मी दिसले. "नोरीन, तुझ्या भावाला सांग ना गं."

"तूच सांग. तेव्हा चौकशीत सांगायचं होतंस, ते सांग."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

परिचारिका चहा घेऊन आली. "उभ्या का? बसा ना सोफ्यावर, जागा आहे की."

उरलेल्या दोन्ही गाद्या खोल दबलेल्या होत्या.

मी खुर्ची ओढून घेतली.