पोर्ट ८०८१, चार वाजून दहा मिनिटं

मनस्विनीची आणि सत्यमची गाठ पडली ती ८०८१ नंबरच्या पोर्टवर, आणि तीही अगदी अवचित.

नांदेडच्या एका मोठ्या क्लासच्या कार्यालयात ती सर्व्हर सांभाळायची. सर्व्हरला नंबर घातलेली पुष्कळ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. कुठल्या दारातून कोण आलं, किती वेळ थांबलं, हे बघत बसणं ही तिची नोकरी. स्वभावही नोकरीला साजेसाच. सगळं बघायचं, कशात गुंतायचं नाही. ८०८१ उघडला होता तो सराव परीक्षेपुरता. परीक्षा आटोपली आणि तिकडे कुणी फिरकेना. मग एके दिवशी लातूर शाखेतून एक विनंती आली, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरनं ते दार ठोठावलं. चार वाजून दहा मिनिटांनी आली, चार सेकंद थांबली, गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिनं लातूरला फोन लावला.

“मीच हाय, मॅडम. सत्यम बोलून राहिलो. लाइन चालू हाय का बघत होतो.”

“लाइन बघायला दुसरे पोर्ट आहेत.”

“हायेत की. पण तिथं गर्दी लई... तुम्हाला दिसलो नसतो मी.”

“मला दिसून काय करायचंय?”

“परीक्षेच्या टायमाला तीन दिवस तुम्ही फोनवर होता. परीक्षा संपली, फोन बी संपला. मी मुखेडकडचा खेड्यातला माणूस – काम नसताना फोन करून काय बोलावं, कळंना.”

“हे बंद करा,” ती कोरडेपणानं म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ उगाचच हसत होती.

सत्यमनं बंद केलं नाही. तिनंही पोर्ट बंद केला नाही. चारचा चहा ती दहा मिनिटं उशिरा घेऊ लागली, कप हातात धरून पडद्यावर त्याची ती एक ओळ उमटायची वाट बघू लागली. दर शुक्रवारच्या अहवालात अनोळखी विनंतीपुढे कारण लिहावं लागे. तिनं लिहिलं, ‘चाचणी’. नोकरीतलं तिचं पहिलं खोटं. तीन शुक्रवार ते खपून गेलं.

चौथ्या शुक्रवारी बापूसाहेबांनी, तिच्या साहेबांनी, चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “ही कसली चाचणी? कोण करून राहिलंय?”

सत्यमचं नाव सांगितलं असतं तर त्याची नोकरी त्याच संध्याकाळी गेली असती. नाही सांगावं, तर तिच्या अहवालावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता. आणि तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

“चाचणी नाही, सर. पोर्ट मीच उघडा ठेवला होता. येणारी विनंती माझ्या ओळखीची आहे. चूक माझी.”

बापूसाहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “आत्ता बंद करा. आणि हे तुमच्या नावावर लिहा.”

तिनं पोर्ट बंद केला, नाव लिहिलं. चार दहाला पडद्यावर लाल ओळ उमटली – नाकारली. चार अकराला पुन्हा. चार बाराला पुन्हा. मग काहीच आलं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला तो आवडतो, हे तिला आता स्वतःपासून लपवता येईना. गच्चीवर जाऊन तिनं स्वतःच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला.

“पोर्ट मी बंद केलाय.”

“दिसलं,” तो हळूच म्हणाला. “माझ्यापायी तुम्हाला बोलणी बसली का?”

“बसली. उद्या काय करणार आहात, चार दहाला?”

“...तुम्हीच सांगा.”

“नांदेडच्या बसस्टँडवर या. मी बघत असेन.”

तो घाईनं म्हणाला, “सकाळच्याच गाडीनं निघतो! अहमदपूर, लोहा करत दुपारपर्यंत पोचतो.”

“चार दहाला सांगितलंय.”

“थांबतो की तोवर.”

“आणि सत्यम –”

“हां?”

“चार सेकंदांत परत जायचं नाही.”