दोन नंबरची न धुतलेली जर्सी

चेंडू भिंतीवरून आला, तारेवर वाळत घातलेल्या अकरा नंबरच्या जर्सीच्या पाठीवर आपटला, तिथे ताटाएवढा चिखलाचा ठसा उमटवला आणि लोळत लोळत तिच्या पायाशी येऊन थांबला.

ठिणगीनं आधी ठसा बघितला, मग भिंत.  ठिणगी हे नाव क्लबातल्या खेळाडूंनी पाडलेलं. ती त्या नावावर चिडायची, आणि चिडायची म्हणूनच ते टिकलं. एकोणीस वर्षांची पोर. नववीत शाळेला रामराम ठोकला होता आणि तेव्हापासून मावशीच्या हाताखाली रग्बी क्लबच्या धुलाईखोलीत होती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण नजर अशी, की जर्सीचा डाग बघून ती सांगायची हा कुठल्या कोपऱ्यातला चिखल आहे.

भिंतीवर आधी दोन हात दिसले, मग डोकं. कपाळाला चिकटलेले केस, आणि डावा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा सुजलेला.

"माझा चेंडू...?"

"चेंडू मिळेल. आधी आत ये आणि हे धू."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. मग त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला आणि मुकाट्यानं भिंत ओलांडून आला. फाटक सहा पावलांवर होतं, उघडंच. त्यानं जर्सी घेतली आणि ओला चिखल असा काही चोळला, की ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. चिखल आधी वाळू द्यायचा असतो, झटकायचा असतो, मग पाणी — एवढं साधं कळत नाही का, असं म्हणत तिनं जर्सी त्याच्या हातातून ओढली. त्याची बोटं थंडगार होती. तिची गरम पाण्यातून आलेली. दोघांनीही हात जरा उशिराच सोडला...

"तू नवीन दोन नंबर ना?" ती म्हणाली. "तरीच. दोन नंबरचा माल असाच असतो."

तो हसला. कान सुजलेला माणूस हसला की गंमतच दिसते. तिनं ती गंमत बघितली आणि लगेच तोंड फिरवलं.

त्याचं काम साधं आणि जीवघेणं होतं. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा लावतात, आणि दोन नंबरचा खेळाडू काठावर उभा राहून डोक्यावरून चेंडू आत फेकतो. त्याच्या रांगेतले लोक एकाला उचलून हवेत धरतात. चेंडू नेमका त्याच्या हातात पडला पाहिजे. कधी रांगेत पुढे उचललेल्याच्या, कधी पार मागच्या. थोडा चुकला की समोरच्यांनी झेललाच. क्लबाचा जुना दोन नंबर गुडघा धरून बसला होता, म्हणून ह्याला आणलेला. करार मोसम संपेपर्यंत. पुढे बाद फेरीचे तीन सामने होते, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, आणि त्यातला एक जरी हरला तरी मोसम तिथेच संपला.

"म्हणजे हरलो की बॅग भरायची," तो म्हणाला. "जिंकत राहिलो आणि मी बरा खेळलो, तर म्हणे ठेवून घेतील."

त्या दिवशी तिला ह्याचं काही वाटलं नाही. वाटलं, जाईना का.

पण तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही. सराव संपला की सगळे अंघोळीला पळायचे आणि हा फाटकातून आत. अंगणात नेम धरायला काहीच नाही अशी त्याची तक्रार, मग तीच पायरीवर उभी राहून कपड्यांची रिकामी टोपली डोक्यावर धरायला लागली. तो वीस पावलांवरून फेकायचा, चेंडू टोपलीत धप्पकन पडायचा आणि ती मागच्या दाराला टेकायची. चुकला की शिव्या. नेम बसला तरी शिव्या, कारण टोपली जड. मावशी मशीनमागून बघायची आणि म्हणायची, शाळेत असं एका जागी उभी राहिली असतीस तर आज मास्तरीण झाली असतीस.

एकदा लागोपाठ नऊ बसले. दहाव्याला तो थांबला.

"काय झालं, फेक की."

"टोपली जरा खाली घे."

"का?"

"चेहरा दिसत नाही तुझा."

तिनं टोपली खाली घेतली नाही. उलट आणखी वर धरली, कारण कान लाल झालेले कळतात माणसाला, आरशात न बघता.

उपांत्यपूर्व सामना ते आरामात जिंकले. सोमवारी जर्सी धुवायला आल्या आणि ठिणगीचा हात दोन नंबरवर अडला. बाकी चौदा जणांच्या जर्सी पडतील तशा मळल्या होत्या. ही जणू ठरवून मळवलेली. उजव्या कमरेवर एका हाताचे ओढलेले डाग, थरावर थर. आणि पोटावर दहाच्या दहा बोटं. तिनं धुतली, पण डोक्यातून ते ठसे काही जाईनात.

म्हणून उपांत्य सामन्यात ती टॉवेलचा गठ्ठा घेऊन खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि चेंडूकडे बघितलंच नाही. फक्त त्याच्या हातांकडे बघितलं. आणि दिसलं! जवळ फेकायचं असलं की हा उजवा हात कमरेला पुसायचा. लांब फेकायचं असलं की दोन्ही हात पोटावर. दर वेळी. त्याला पत्ता नव्हता, पण समोरच्या ताडमाड चार नंबरवाल्याला मध्यंतरानंतर लागला. मग काय, हात पोटाकडे गेले की तो आधीच मागे पळायचा. ह्याचे पाच चेंडू गेले. शेवटच्या क्षणाला एक किक गोलाच्या खांबांमधून गेली आणि क्लब कसाबसा अंतिम सामन्यात पोचला. सगळे नाचत होते. हा बोळातून मान खाली घालून आत गेला, टॉवेलसुद्धा न घेता.

कोचनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. जुन्याचा गुडघा बरा आहे, अंतिम सामन्यात तोच उतरेल. हा बाकावर. लागला तर लागला. मॅनेजरनंही कराराचं नाव काढणं बंद केलं.

ठिणगीनं हे मशीन भरताना ऐकलं. तेव्हा तिला कळलं, जाईना का हे आपण किती खोटं बोललो होतो.

तिनं ती जर्सी धुतलीच नाही. खुंटीला तशीच टांगली. मावशीनं विचारलं, पुजायला ठेवलीयस का? धुलाईखोलीत मळकी जर्सी मंगळवारपर्यंत राहिली असं तिच्या बावीस वर्षांत झालं नव्हतं. ठिणगी म्हणाली, हात लावायचा नाही. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, जर्सीच्या नंबराकडे पाहिलं, आणि पावडरचा डबा घेऊन निघून गेली.

बुधवारी तो आला. ह्यावेळी चेंडू नव्हता. तिनं जर्सी काढून त्याच्यासमोर धरली आणि भडाभडा सगळं सांगितलं — कमर, पोट, एक हात, दोन हात, चार नंबरवाला. तिला वाटलं होतं, ऐकून तो उडी मारेल. पण त्या आठवड्यात त्याला कोचनं सांगितलं होतं पाय चुकतोय, कर्णधारानं सांगितलं होतं खांदा चुकतोय, घरून वडिलांनी फोन करून सांगितलं होतं डोकं चुकतंय. आता हात.

"तू कपडे धुतेस," तो म्हणाला. "तुला काय कळतंय ह्यातलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडाचा पट्टा सुटलाच नाही. तिनं जर्सीची नीट घडी घातली, त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली,

"कपडे धुते म्हणूनच कळतंय. जा."

तो गेला. तिनं त्या दिवशी दोन मशीन जास्त लावल्या, धुतलेल्याच चादरी परत धुतल्या, आणि डोळ्यांत साबण गेलाय असं मावशीला तीनदा सांगितलं. मावशीनं एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती कुलूप काढायला आली, तर तो पायरीवर बसलेला. मांडीवर ती जर्सी. डोळे तांबारलेले. उपांत्य सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत चारदा बघून आला होता, नुसते आपले हात.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "दर वेळी. एकदाही चुकलो नाही... चुकायलाच चुकलो नाही."

तिनं कुलूप उघडलं.

"आणि काल मी जे बोललो ते..."

"ते मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "मशीन चालू होती."

मशीन बंद होती. दोघांनाही माहीत होतं. तो हळूच हसला, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं लगेच त्याला दरडावलं, आता सवय मोडायला बस. तो म्हणाला, दोन दिवसांत सवय कुठली मोडतेय. ठिणगी म्हणाली, मग मोडू नको. वापर. त्यांनी पाहिलंय ना? अंतिम सामन्यातल्यांनीही पाहिलंच असणार. बघू दे की. हात पोटावर पुस आणि जवळ फेक.

त्यानं मांडीवरची जर्सी बाजूला ठेवली.

"शाळेतून ह्याच्यामुळेच काढलं का तुला?"

"काढलं नाही. मी सोडली," ती म्हणाली. "जा आता, टोपली आण."

अंतिम सामन्याला बारीक झिमझिम लागली होती. चेंडू माशासारखा निसटत होता. ठिणगी बोळाच्या तोंडाशी, कोरडे टॉवेल पोटाशी धरून. साठ मिनिटं तो बाकावर बसून होता आणि तिचा जीव टांगणीला. मग जुन्याचा गुडघा पुन्हा बोलला, आणि कोचनं मागे न बघताच बोटानं ह्याला खूण केली.

पहिला थ्रो. दोन्ही हात पोटावर. समोरची अख्खी रांग मागे धावली. चेंडू गेला पुढे, मोकळ्या हातात. दुसरा थ्रो, पुन्हा पोटावर, पुन्हा पुढे. समोरचा उंच खेळाडू आपल्या माणसांवर वैतागून हातवारे करायला लागला. ठिणगीनं टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसून घेतलं.

पण गुण काही होईनात. तीन मिनिटं उरली, क्लब तीन गुणांनी मागे, आणि पेनल्टी मिळाली. किक मारून बरोबरी करता आली असती. कर्णधारानं दोन नंबरकडे पाहिलं, चेंडू पोचवशील का एवढंच विचारलं असावं, आणि ह्यानं मान हलवली. चेंडू कोपऱ्यात, मैदानाबाहेर मारला गेला. समोरच्यांच्या गोलरेषेपासून पाच पावलांवर रांगा लागल्या.

तो काठावर उभा राहिला. फेकायच्या आधी क्षणभर त्यानं बोळाकडे पाहिलं. गर्दीत, पावसात, बरोब्बर तिच्याकडे. मग दोन्ही हात पोटावर पुसले.

 त्या नजरेतच तिला कळलं, हा ह्या वेळी खरंच लांब फेकणार.

समोरचे दोनदा फसले होते. ह्या वेळी ते हलले नाहीत, पुढेच दबा धरून उभे. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला, लांब, पावसातून सरळ, आणि पार मागे हवेत धरलेल्याच्या तळव्यात बसला. मग तो आणि रांगेतले मिळून आठही जण एकमेकांना बिलगून ढकलायला लागले, इंच इंच, आणि तो ढीग रेषेपलीकडे कोसळला. शिटी वाजली. ट्राय! ठिणगीच्या हातातले टॉवेल चिखलात पडले आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. हे मावशीनंही पाहिलं.

पाच गुण. उरलेली दोन मिनिटं कशी गेली हे ठिणगीला कधीच सांगता आलं नाही. क्लब दोन गुणांनी अजिंक्य झाला.

तासाभरानं ती धुलाईखोलीत जर्सी मोजत होती. एक कमी. दारात पावलं वाजली आणि ती जर्सी घालूनच तो उभा, डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

"काढ ती. आज भिजवायचीय."

"मॅनेजरनं बोलावलंय. दोन वर्षांचा करार." तो आत आला. "कागद टेबलावर ठेवलाय. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा."

तिचा हात टोपलीतच थांबला. "कशाला?"

"दोन वर्षं म्हणजे... रोज तुझ्या शिव्या. मी विचार केला, मला चालेल. मला तर तेच हवंय. पण तुला नको असेल तर मी इथे राहून काय करू? तू सांग."

तिला शंभर उत्तरं सुचली, सगळी तिखट. तिनं टोपलीतली एक जर्सी साबणाच्या बादलीत दाबली. बादलीत पाणी ठिबकत होतं.

"तीन आठवडे," ती शेवटी म्हणाली, "मी रोज सकाळी येताना फाटक उघडं ठेवतेय. मावशी ओरडते, मांजर आत येतं म्हणून. तरी ठेवते." तिनं वर पाहिलं. "तू आपला भिंतीवरून येशील आणि पाय मोडून घेशील म्हणून नाही. येशील म्हणून."

त्यानं तिचा ओला हात हातात घेतला. साबणाचा फेस त्याच्या बोटांवर आला, त्याचा चिखल तिच्या बोटांवर. कोणीच पुसला नाही. मशीनमागून मावशी खोकली, अगदी हळू, आणि मागच्या दारानं अंगणात निघून गेली.

"जा ना आता," ठिणगी कुजबुजली. "दहा मिनिटं झाली."

तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. सहीला पेन नव्हतं. मॅनेजरचं जिंकल्याच्या धांदलीत कुठे पडलं कोण जाणे. तिनं फळीवरून जाडा काळा मार्कर काढला, कॉलरच्या आत नंबर टाकायचा, आणि त्याच्या हातात दिला.

"विचार करून कर हं," ती म्हणाली. "ती शाई कितीही धुतली तरी जात नाही."

"माहितीय," तो म्हणाला, आणि पळत गेला.